अंगावरून हात फिरवताना

मागच्या अंकात एका पत्राला उत्तर देताना मी जाता जाता लिहून गेले होते, की कुत्र्याला रोज दहा मिनिटं विंचरत जा, बरेचसे आजार तुम्हालाच आधी कळतील. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर ग्रूमिंगलाच द्यायचं ठरवलं. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत. नावं गाळून फक्त गावं ठेवली आहेत.

प्रश्न: नातवाने शिह त्झू जातीचं पिल्लू आणलं आहे. दर महिन्याला त्याला ग्रूमिंगला न्यायचं म्हणे, आणि प्रत्येक वेळी हजार-दीड हजार रुपये. आमच्या लहानपणी सदाशिव पेठेतल्या वाड्यात मोती होता. त्याला कुणी कधी फणी लावली नाही, नखं कापली नाहीत, तरी गडी ठणठणीत होता. हे सगळं खरंच गरजेचं आहे की नुसती हौस? (पुणे)

उत्तर: काका, मोतीची आठवण तुम्हीच काढलीत, तर तिथूनच सुरुवात करते. मोती आपला गावठी कुत्रा असणार. केस आखूड, ऋतू बदलला की आपोआप गळून नवे येणारे. दिवसभर फरशीवर, रस्त्यावर हिंडून नखं झिजायची. त्याचं अंग त्याच्या जगण्याला जुळलेलं होतं. शिह त्झूचं तसं नाही. तिबेट-चीनकडच्या थंड मुलखातली, राजवाड्यात पाळली गेलेली ही जात. तिचे केस आपल्या डोक्यावरच्या केसांसारखे वाढतच राहतात, आणि गळालेला केस खाली पडण्याऐवजी शेजारच्या केसात अडकून बसतो. माणसाने पिढ्यानपिढ्या निवड करून त्या जातीला असं घडवलं, तेव्हा ते केस सांभाळायची जबाबदारीही माणसावरच येते. पिल्लाला ती पेलता येत नाही.

न सांभाळल्यास काय होतं ते सांगते. वाचायला त्रास होईल, पण सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी, जुलैत, साताऱ्यातल्या माझ्या दवाखान्यात एक आजोबा गुड्डी या आठ वर्षांच्या कुत्रीला टॉवेलमध्ये गुंडाळून घेऊन आले. चार दिवस जेवली नव्हती. अंगाला वास येत होता म्हणून घरच्यांनी आठवड्यात दोनदा आंघोळ घातली, तरी वास हटेना. वरून बघितलं तर गुड्डी छान दिसत होती. पाठीचे केस मऊ, कपाळावर क्लिप. शेपटी उचलून मागच्या मांड्यांवर हात फिरवला तर बोटांना केस लागेचनात, घोंगडीचा तुकडा शिवून टाकल्यासारखं काहीतरी लागलं. ते केसच होते, आवळून एकजीव झालेले. मशीन लावून ती जट कडेकडेने सोडवत गेले. तळहाताएवढा तुकडा अखंड निघून हातात आला आणि त्याखाली जखम, जखमेत अळ्या. दोन आठवड्यांपूर्वी तिला जुलाब झाले होते, ते केसांत अडकून राहिले. पावसाळ्यात अशा ओल्या जागी माशी अंडी घालते आणि दिवसाभरात त्यातून अळ्या बाहेर पडतात. आंघोळीने तर जास्तच बिघडलं, कारण जट ओली झाली की आवळते आणि आतली ओल वाळतच नाही.

दीड तास लागला. वेदनाशामक इंजेक्शन दिलं, जखम धुतली, चिमट्याने एकेक अळी काढली. आजोबा तिचं डोकं धरून उभे होते. एवढंच म्हणाले, "मी रोज हिला मांडीवर घेतो हो डॉक्टर, मला कसं कळलं नाही?" कळलं नाही, कारण हात रोज पाठीवरून फिरायचा, मांडीच्या मागे कधी गेला नव्हता. गुड्डी तीन आठवड्यांत बरी झाली. आता सकाळी रेडिओवर बातम्या लागल्या की आजोबा तिला पाटावर बसवून विंचरतात. बातम्या संपेपर्यंत शेपटीपर्यंत आलेले असतात.

माझ्या लेखी ग्रूमिंग हे आहे, काका. सुगंधी शाम्पू आणि गळ्यातला बो हा त्यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग. तुम्हाला दर महिन्याला दीड हजार खर्च करायची गरज नाही. बोथट दातांचा एक स्टीलचा कंगवा आणि बारीक वाकड्या तारांचा एक स्लिकर ब्रश आणा. रोज दहा मिनिटं द्या. वरवर विंचरू नका. एका हाताने केस उलटे धरून ठेवा आणि मुळापासून थोडे थोडे सोडवत या. कानामागे, काखेत, जांघेत, पट्ट्याखाली आणि शेपटीखाली गुंता आधी होतो, म्हणून सुरुवात तिथूनच. आंघोळ विंचरून झाल्यावर, आधी नाही. नातवाला शेजारी बसवा, कुत्रा त्याचा आहे. दीड-दोन महिन्यांतून एकदा केस कापायला माहीतगार माणसाकडे न्या, बाकीचं घरी होतं.

विंचरताना दुसऱ्या हाताची बोटं कातडीवर असू द्या. गाठ डोळ्याला दिसायच्या कितीतरी आधी बोटाला लागते. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंना त्यांच्या लॅब्रॅडोर मादीच्या स्तनाजवळ ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ विंचरतानाच लागली. फोनवर मी नेहमी विचारते, मोहरीएवढी, हरभऱ्याएवढी, सुपारीएवढी की लिंबाएवढी? ज्वारीएवढी असताना आल्या म्हणून लहानशा शस्त्रक्रियेत काम झालं. लिंबाएवढी होऊन येणाऱ्याही असतात, आणि तेव्हा मला फार कमी काही करता येतं.

प्रश्न: आमच्याकडे पांढरा पामेरियन आहे. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांवर जातो. त्याची तगमग बघवत नाही. मशीन मारून त्याचे सगळे केस काढून टाकावेत का? (नागपूर)

उत्तर: नका काढू. ज्याला आपल्याकडे सगळे पामेरियन म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. दोघांच्याही अंगावर केसांचे दोन थर असतात, आत मऊ दाट लव आणि वर लांब राठ केस. जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडोर, गोल्डन रिट्रीव्हर, हस्की यांचंही तसंच. वरचा थर ऊन अंगाला लागू देत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, थोडाफार येतो तो पंजांना. अंग थंड करायची त्याची मुख्य वाट म्हणजे धापा टाकणं. म्हणून केस उडवल्याने त्याला आपल्यासारखं मोकळं वाटत नाही. उलट गोऱ्या कातडीला ऊन भाजतं. शिवाय स्पिट्झसारख्या जातींत कधी कधी मशीन मारलेल्या जागी केस महिनोन्‌महिने येतच नाहीत, आले तर विरळ आणि भलत्याच पोताचे येतात.

त्रास होतो तो आतल्या लवेचा. हिवाळ्यातली लव उन्हाळ्याच्या तोंडाशी सुटते, पण तिथेच अडकून राहते आणि हवा खेळू देत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये रोज अंडरकोट रेकने, म्हणजे आतली लव ओढून काढणाऱ्या फणीने, ती काढून टाका. पहिल्या दिवशी पिशवीभर लव निघेल, घाबरू नका. पोटाखालचे आणि तळव्यांमधले केस थोडे कापले तर चालतील. त्याला थंड फरशीवर बसायला ते पोट उपयोगी पडतं. बाकी सावली, पाणी, पंखा किंवा कूलर, आणि फिरणं उजाडायच्या आत. दुपारी डांबरी रस्त्यावर तुमचा तळहात टेकवून बघा. तुम्हाला टेकवत नसेल तर त्याला चालवू नका.

प्रश्न: पावसाळ्यात कुत्र्याच्या अंगाला गोचिडी होतात. आमच्याकडे पूर्वीपासून रॉकेल लावतात, शेजारी फिनेल घालून आंघोळ घालतात. दोन्ही केलं, आठ दिवसांत पुन्हा तेवढ्याच. गेल्या वर्षी आमचा टायगर गोचीड तापात गेला. आता नवीन पिल्लू आहे. काय करू? (चिपळूण)

उत्तर: टायगरचं वाचून वाईट वाटलं. या पत्राला सविस्तर उत्तर देते, कारण कोकणातून आणि घाटावरूनही हाच प्रश्न दर पावसाळ्यात येतो.

आधी रॉकेल आणि फिनेल कायमचं बंद. कुत्रा अंग चाटतो, म्हणजे ते पोटात जातं. फिनेलने कातडी भाजते, रॉकेल फुप्फुसात गेलं तर जीव जातो. अंगाच्या साबणानेही रोज धुऊ नका. आपली त्वचा आम्लधर्मी असते, कुत्र्याची तशी नसते. आपला साबण त्याची कातडी कोरडी पाडतो आणि कोरडी कातडी खाजते.

पुन्हा पुन्हा होतात त्याचं कारण असं. आपल्याकडे कुत्र्यावर सर्रास दिसणारी तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा कुत्र्यावर चढते आणि तीनदा उतरते. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी शेवटी खाली पडते, भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीमागे, कुत्र्याच्या गोणपाटाच्या घडीत जाऊन हजारो अंडी घालते आणि मरते. तुम्ही कुत्रा साफ करता तेव्हा पुढची पिढी भिंतीत असते. म्हणून कुत्रा, त्याची झोपायची जागा आणि घर अशी तिन्हीकडे एकाच आठवड्यात मोहीम काढावी लागते. गोणपाट जाळून टाका. अंथरूण धुता येईल असं ठेवा आणि उकळत्या पाण्यातून काढा. भेगा बुजवा. फवारणीचं औषध डॉक्टरांना विचारूनच आणा, मापाने पाण्यात मिसळा आणि फवारताना कुत्रा, मांजर, मुलं बाहेर ठेवा. घरात मांजर असेल तर मुद्दाम सांगते: कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, ते मांजराला विष आहे.

कुत्र्यासाठी आता चघळायच्या गोळ्या मिळतात, काही महिनाभर, काही तीन महिने चालतात. वजन करूनच घ्या, आणि त्याला कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. पिल्लू लहान असेल तर कोणतंही औषध वयाला आणि वजनाला चालतं का हे विचारल्याशिवाय नको. शेजाऱ्याच्या कुत्र्याचं उरलेलं इंजेक्शन तर मुळीच नको.

आणि रोजचा हात. बाहेरून आला की दोन बोटांच्या मधे, कानाच्या पाळीच्या आत, पट्ट्याखाली, काखेत, शेपटीच्या मुळाशी चाचपा. लहान गोचीड तिळाएवढी असते, केसांतून दिसत नाही, हाताला खरखरीत लागते. चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरा आणि सरळ, सावकाश ओढा. पिळू नका, काडी लावून भाजू नका. नखाने चिरडू नका, तिच्या पोटातलं रक्त तुमच्या बोटाला लागतं. साबणाच्या किंवा स्पिरिटच्या वाटीत टाका.

गोचीड तापाला आपण एक नाव दिलं आहे, पण ते वेगवेगळे आजार आहेत. एर्लिकियात ताप येतो, खाणं सुटतं, नाकातून रक्त येऊ शकतं, पोटाच्या कातडीवर लाल ठिपके उमटतात. बबेशियात हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी कडक चहासारखी होते. दोन्हीला औषध आहे, पण ते वेळेवर सुरू व्हावं लागतं. म्हणून विंचरताना रोज ओठ उचलून हिरड्या बघा आणि पोट उघडं करून बघा. पिल्लाचा निरोगी गुलाबी रंग डोळ्यांत बसला, की बदललेला लगेच ओळखू येईल.

कोकणातल्या पावसाचं आणखी एक. भिजून आला की नुसता झटकू देऊन सोडू नका, टॉवेलने मुळापर्यंत कोरडा करा. दाट केसांत ओल राहिली की एका रात्रीत लाल, चिघळलेला चट्टा पडतो. आणि साचलेल्या पाण्यातून आला असेल तर पाय धुवाच. उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार पसरतो, तो माणसालाही होतो. पिल्लाच्या लसीत लेप्टोचा समावेश आहे ना, हे कार्डावर बघून घ्या.

प्रश्न: डॉक्टरकाकू, मी सातवीत आहे. आमचा बीगल ब्रुनो नखं कापायला घेतली की गुरगुरतो. एकदा बाबांनी जोरात धरून कापलं तर रक्त आलं. आता कात्री बघितली तरी तो पलंगाखाली जातो. त्याची नखं फरशीवर टकटक वाजतात. (ठाणे)

उत्तर: टकटक ऐकू येते हे तू बरोबर हेरलंस. उभं राहिल्यावर नख जमिनीला टेकत असेल, तर ते लांब झालं. लांब नखामुळे बोटं मागे रेटली जातात, पाय वाकडा पडतो, गुळगुळीत फरशीवर कुत्रा घसरतो.

ब्रुनो हट्टी नाही, त्याला दुखलेलं आठवतंय. कुत्र्याच्या नखात जिवंत भाग असतो, त्यात रक्त आणि नस दोन्ही असतात. पांढऱ्या नखात तो गुलाबी दिसतो, काळ्यात दिसत नाही. तिथे कात्री लागली की फार दुखतं. म्हणून आता पंधरा दिवस कात्री कपाटात ठेव. ब्रुनो आडवा पडला असेल तेव्हा पंजाला नुसता हात लाव, लगेच चिकनचा छोटा तुकडा दे, हात काढ. एवढंच. दोन दिवसांनी एक बोट हलकेच दाब आणि तुकडा दे. मग कात्री शेजारी जमिनीवर ठेवून. मग कात्रीचा नुसता आवाज. तो पाय मागे ओढेल तेव्हा सोडून दे, धरून ठेवू नकोस. त्याला कळू दे की नको म्हटलं तर ऐकतात.

कापायचं काम आई-बाबांचं, तू खाऊ देण्याचं. गुरगुरला तर तू लगेच बाजूला हो, हा नियम तुझ्यासाठी आहे. एका दिवशी एकच नख, आणि तेही शेंड्यावरून तांदळाच्या दाण्याएवढं. काळ्या नखाच्या कापलेल्या तोंडाशी मधोमध गडद ठिपका दिसायला लागला की थांबायचं. चुकून रक्त आलंच तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर लावून कापसाने काही मिनिटं दाबून धरायचं. पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला, जरा वर, एक अंगठ्यासारखं नख असतं. ते जमिनीला लागत नाही म्हणून झिजत नाही, गोल वळून मांसात रुततं. ते बघायला विसरू नका. जिवंत भाग दर आठवड्याला थोडं थोडं कापत गेलं की हळूहळू मागे सरकतो. दोन महिन्यांनी टकटक थांबली का, ते मला कळव.

प्रश्न: माझ्याकडे कारवान जातीची कुत्री आहेत, तीन. शेतावर असतात. आखूड केसांच्या कुत्र्याला पण ग्रूमिंग लागतं का? (सांगोला)

उत्तर: दादा, थोडंच लागतं, पण लागतं. कारवानला महिन्या-दोन महिन्यांतून एखादी आंघोळ पुरते. रबरी मोजा हातात घालून आठवड्यातून दोनदा अंग चोळलं की सुटे केस निघतात आणि कातडीवर चमक येते. तीनपैकी एखादा पश्मी असेल, कानावर-शेपटीवर झुलपं असलेला, तर त्याला फणी लागेल. अंगावर चरबी कमी म्हणून कोपरांना घट्टे पडतात, जाड अंथरूण द्या.

तुमच्याकडची खरी काळजी वेगळी आहे. दिवाळीच्या सुमाराला माळावरचं कुसळी गवत वाळतं. कुसळाला एका बाजूने टोक आणि मागे उलटे केस, म्हणजे ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. बोटांच्या मधे घुसलं की कातडीच्या आत चालत राहतं. एका कुत्र्याच्या पंजावर फोड येऊन फुटायचा, बरा व्हायचा, पुन्हा यायचा, असं तीन महिने चाललं होतं. चिरा घेऊन आत गेले तर अख्खं कुसळ मिळालं, घोट्याच्या जवळ. शेतातून परत आल्यावर प्रत्येक पंजा उलटा करून बोटं फाकवून बघा, कानाच्या आत बघा. गोखरूचे काटेही तेव्हाच निघतील. अजिंक्यताऱ्यावर कुत्री फिरायला नेणाऱ्या साताऱ्यातल्या मंडळींनाही माझं हेच सांगणं असतं.

प्रश्न: कॉकर स्पॅनिएलच्या कानाला आंबूस वास येतो. सारखं डोकं हलवतो. कुणीतरी कोमट तेल घाला म्हणालं, घातलं. इअरबडने साफ करते रोज. फरक नाही. (कोल्हापूर)

उत्तर: तेल आणि इअरबड दोन्ही आजपासून थांबवा. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली जाते आणि मग आत वळते. इअरबड वळणापर्यंतच पोचतो आणि मळ आत ढकलतो. लोंबत्या कानाखाली हवा खेळत नाही, त्यात तेल पडलं की बुरशीला आयतं घर मिळतं. वास येतोय, डोकं हलवतोय, म्हणजे कान आत्ता आजारी आहे. आत्ता ग्रूमिंग नको, डॉक्टरांना दाखवा. पडदा शाबूत आहे का हे बघितल्याशिवाय कानात काही घालायचं नसतं. उशीर केलात तर डोकं आपटून आपटून पाळीत रक्त साचतं आणि पाळी उशीसारखी फुगते. बरा झाल्यावर आठ-पंधरा दिवसांतून एकदा डॉक्टरांनी दिलेल्या द्रावात कापूस भिजवून बोट जाईल तिथपर्यंतच पुसा, पाळीच्या आतले केस आखूड ठेवा, आणि खाता-पिताना कान भांड्यात बुडू नयेत म्हणून अरुंद तोंडाचं भांडं वापरा.

प्रश्न: कुत्र्याचे दात घासायचे असतात, हे खरं? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: खरं. लहान जातींत तर फारच. कुत्र्यांसाठी वेगळी पेस्ट मिळते, तीच वापरा. आपली नको, कारण कुत्रा चूळ भरत नाही, गिळतो, आणि काही पेस्टमधलं झायलिटॉल (गोडव्यासाठी घालतात ते) त्याच्यासाठी विषारी असतं. बोटाला ओला गॉज गुंडाळून दातांची बाहेरची बाजू रोज पुसली तरी मोठं काम होतं.

प्रश्न: एका ग्रूमिंगच्या दुकानात पग दिला. दोन तासांनी घ्यायला गेलो तर तोंड उघडं टाकून धापा टाकत होता, जीभ जांभळट. पिंजऱ्यात ड्रायर लावून ठेवला होता म्हणे. वाचला, पण आता भीती बसली. जागा कशी निवडायची? (डोंबिवली)

उत्तर: वाचला हे मोठं नशीब. पग, बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापा टाकून अंग थंड करणं आधीच जड जातं. बंद जागेत गरम हवा म्हणजे त्यांच्यासाठी उष्माघात. अशा कुत्र्याला ड्रायर लावायचाच तर थंड हवेचा, हातात धरून, माणूस समोर असताना.

ज्या दुकानात तुम्हाला आत उभं राहून बघू देत नाहीत, तिथे कुत्रा सोडू नका. माझ्यासाठी हा एक प्रश्न पुरेसा आहे. लसीचं कार्ड मागत नसतील तर तेही वाईट लक्षण, कारण मग तुमच्या आधी टेबलावर उभा राहिलेला कुत्रा कोणता होता हे त्यांनाही माहीत नाही. गप्प बसावा म्हणून गोळी किंवा इंजेक्शन देतात का, हे स्पष्ट विचारा. ते काम फक्त पशुवैद्याचं आहे. खरं तर पगला दुकानाची गरज कमीच. नाकावरच्या सुरकुत्या रोज ओल्या कापसाने पुसून लगेच कोरड्या करा, आठवड्यातून दोनदा ब्रश, महिन्यातून एक आंघोळ. हे तुम्ही घरीच कराल, आणि तुमच्या हातात तो घाबरणार नाही.

प्रश्न: आमची राणी चौदा वर्षांची आहे. दिसत नाही, मागच्या पायांत जोर नाही. दिवसभर पडून असते. पूर्वी तिला विंचरलेलं फार आवडायचं. आता फणी लावली की कधी कधी दचकते. तिला त्रास होत असेल तर बंद करू का? (वाई)

उत्तर: बंद करू नका, पद्धत बदला. तिला दिसत नाही, म्हणून दचकते. आधी तिच्या नावाने हाक मारा, मग हात नाकाजवळ न्या, वास घेऊ द्या, मग खांद्यावर हात ठेवा आणि तो हात न उचलता दुसऱ्या हाताने विंचरा. एक हात सतत अंगावर असला की पुढचा स्पर्श कुठून येणार हे तिला कळतं. फणी नको, मऊ केसांचा लहान मुलांचा ब्रश घ्या. उभं करू नका, पडल्या जागी पाच मिनिटं एका कुशीवर. दुसरी कूस संध्याकाळी. कूस बदलताना पोटाखाली हात घालून उचला, पाय धरून ओढू नका. सांधे दुखत असतील, त्यासाठी गोळी देता येते. तुमच्या डॉक्टरांना विचारा, आपली दुखण्याची गोळी मात्र देऊ नका.

पडून राहणाऱ्या कुत्र्याच्या कोपरांवर, ढुंगणाच्या हाडांवर रोज हात फिरवा. केस गेलेली, लालसर, किंचित गरम जागा लागली तर तिथे जखम व्हायच्या बेतात आहे. गादी जाड करा आणि दर तीन-चार तासांनी कूस बदला. मागच्या भागाचे केस कात्रीने आखूड करून ठेवा, म्हणजे लघवी झाली तर कोमट पाण्याच्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करता येईल. चालणं थांबलं की नखं झपाट्याने वाढतात, पंधरा दिवसांनी बघत जा. आंघोळ आता नकोच. आणि तिला पूर्वी कुठे विंचरलेलं सगळ्यात आवडायचं ते तुम्हाला माहीत असेल, कानामागे की छातीवर. रोज शेवट तिथे करा.